६ तास, ६ हजार साइट्स आणि ५०० एमबीचं बक्षीस

६ जुलै २००३, रविवार. या दिवशी जास्तीत जास्त वेबसाइट्स फोडून दाखवा, असं आव्हान देणारी एक स्पर्धा त्याआधी काही दिवस इंटरनेटवर रीतसर जाहीर झाली होती. नाव ‘डिफेसर्स चॅलेंज’. वेळ ६ तास, लक्ष्य ६ हजार साइट्स. सर्व्हर कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो त्यानुसार गुणांचा तक्ताही ठरलेला: विंडोज सर्व्हरवरची साइट बिघडवली तर १ गुण, लिनक्स, युनिक्स किंवा बीएसडी असेल तर २, आयबीएमच्या एआयएक्सला ३, आणि एचपी-यूएक्स किंवा मॅकिंटॉश हाती लागलाच तर थेट ५. जिंकणाऱ्याला काय? ५०० एमबी होस्टिंगची जागा. म्हणजे दुसऱ्यांच्या साइट्स बिघडवा आणि स्वतःची साइट ठेवायला जागा मिळवा.

बक्षीस एवढंसं, आणि पकडले गेलो तर गुन्हा दाखल. हा व्यवहार पैशांच्या हिशेबात बसतच नाही. तरीही सुरक्षा कंपन्यांनी आणि अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणांनी या घोषणेची दखल घेऊन सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सावधगिरीचे इशारे दिले. कारण साइट्स बिघडवणाऱ्या या हौशी मुलांना पैसे नकोच असतात, हे त्यांना तोवर चांगलं ठाऊक झालं होतं. मग काय हवं असतं, हा या लेखाचा विषय.

आधी डिफेसमेंट म्हणजे काय ते पाहू. वेबसाइट म्हणजे कुठल्या तरी सर्व्हरवर ठेवलेल्या फाइल्स. तुम्ही ब्राउझरमध्ये पत्ता टाकलात की सर्व्हर त्यातली एक ठरावीक फाइल, जिला सहसा इंडेक्स फाइल म्हणतात, ती उघडून तुमच्याकडे पाठवतो. तेच होमपेज. आता एखाद्या परक्या माणसाला त्या फोल्डरमध्ये फाइल लिहिण्याची परवानगी कशीही मिळाली, तर त्याला बाकी काहीच करावं लागत नाही. तो ती एक फाइल बदलतो आणि पुढच्या क्षणापासून जगाला त्याचं पान दिसू लागतं. हीच डिफेसमेंट, आणि ती करणारा तो डिफेसर. डेटाबेस फोडावा लागत नाही, ग्राहकांची माहिती चोरावी लागत नाही. सर्वांत कमी कष्टात सर्वांत जास्त दिसणारा हल्ला तो हाच.

ही परवानगी मिळवण्याच्या वाटाही फारशा गूढ नसतात. कुणी सोपा पासवर्ड ठेवलेला असतो, किंवा दुसरीकडून फुटलेला पासवर्ड इथेही चालतो. कुणी साइटचं सॉफ्टवेअर किंवा त्याला जोडलेला एखादा छोटा प्रोग्राम, म्हणजे प्लगइन, वर्षानुवर्षं अपडेट केलेला नसतो. कुठे फोटो अपलोड करण्यासाठी दिलेल्या जागेतून फोटोऐवजी चक्क प्रोग्राम आत जातो. कुठे शोधपेटीत टाइप केलेला मजकूर न तपासता डेटाबेसकडे जातो आणि तो मजकूरच आज्ञा बनतो. कधी तर सर्व्हरला हात न लावता डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, खात्यात शिरून ते नावच दुसऱ्या सर्व्हरकडे वळवलं जातं. मूळ साइट धडधाकट जागेवर असते, पण तिथे कुणी पोचत नाही.

यातलं बहुतेक काम तयार साधनं करतात. उणीव कुणी तरी जाणकाराने शोधलेली असते, ती वापरणारा प्रोग्राम दुसऱ्या कुणी लिहिलेला असतो आणि तो चालवणारा तिसराच असतो. त्याला हॅकर्सच्याच दुनियेत ‘स्क्रिप्ट किडी’ म्हणून हिणवतात. शिवी बाहेरच्यांची नाही, आतल्यांची आहे, हे पुढे उपयोगी पडेल म्हणून लक्षात ठेवा.

आता अशा एखाद्या पानाकडे जवळून पाहू. काळी पार्श्वभूमी, हिरवी किंवा लाल अक्षरं, मधोमध कवटी, मुखवटा किंवा झेंडा. वर ठळक ‘हॅक्ड बाय’ आणि पुढे टोपणनाव, ज्यात मुद्दाम अक्षरांच्या जागी आकडे घातलेले. खाली टोळीचं नाव. मग साइटच्या अ‍ॅडमिनला उद्देशून एक टोमणा, की बाबा रे, तुझी सिक्युरिटी शून्य आहे. बऱ्याचदा त्याच्याच शेजारी एक समजूतदार ओळ: काळजी करू नकोस, एकही फाइल डिलीट केलेली नाही, जुन्या पानाची कॉपी ठेवली आहे. कधी आपोआप वाजणारं गाणं. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, दहा-वीस टोपणनावांची यादी. या मित्रांना सलाम, त्या टोळीला सलाम.

पान वाचायचं ते या यादीपासून. साइटला रोज भेट देणाऱ्याला त्या नावांशी काही देणंघेणं नाही. अ‍ॅडमिनलाही नाही. पान ज्यांच्यासाठी बनवलं ते वाचक म्हणजे ती दहा-वीस नावं. ऐतिहासिक इमारतीच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्याचं इमारतीशी वैर नसतं, तसंच इथे. साइट ही नुसती भिंत.

या प्रकाराचं एक जुनं आणि गमतीदार उदाहरण १३ सप्टेंबर १९९८ चं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची साइट त्या रविवारी एका टोळीने ताब्यात घेतली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या केनेथ स्टार यांचा अहवाल नुकताच प्रसिद्ध झालेला, म्हणजे वाचकांची झुंबड उडण्याचा दिवस. साइट कित्येक तास बंद ठेवावी लागली. पडद्यावर दिसणारा मजकूर टवाळखोर, आकडे आणि अक्षरं मिसळलेल्या विचित्र लिपीतला. पण पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा मूळ कोड, उघडून पाहिला, तर ब्राउझरला न दिसणाऱ्या टिपांमध्ये तीच मंडळी शुद्ध इंग्रजीत, गंभीरपणे आपली बाजू मांडत होती. एकाच पानावर दोन वाचकवर्ग सांभाळलेले: वरवर बघणाऱ्यांसाठी दंगा आणि सोर्स वाचू शकणाऱ्यांसाठी खरा मजकूर.

तर २००३ च्या त्या रविवारी काय झालं? फुसका बार. काही साइट्स बिघडल्या, त्याही बहुतांश छोट्या. इंटरनेट कोसळलं नाही. आणि मजा म्हणजे बिघडवलेल्या पानांच्या प्रती ठेवणाऱ्या ज्या झोन-एच नावाच्या संग्रहावरून गुणांची शहानिशा व्हायची होती, तो संग्रहच त्या दिवशी हल्ल्याखाली आला आणि बराच वेळ बंद राहिला. पंचाचीच शिट्टी पळवली म्हणा ना. गुण मोजायला कुणी उरलं नाही.

पण स्पर्धा फसण्याचं मला वाटणारं खरं कारण वेगळं आहे. वेगळी स्पर्धा भरवण्याची गरजच नव्हती, कारण ती वर्षाचे ३६५ दिवस चालूच होती. झोन-एचमुळे.

डिफेस केलेलं पान फार टिकत नाही. मालकाच्या लक्षात आलं की ते तासा-दोन तासांत उतरतं. मग केलेल्या पराक्रमाचा पुरावा काय? या गरजेतून बिघडवलेल्या पानांच्या प्रती जपून ठेवणारे संग्रह उभे राहिले. अ‍ॅट्रिशन नावाच्या साइटवर हौशी स्वयंसेवक हे काम करत. १९९६ मध्ये, जेव्हा अमेरिकेचं न्याय खातं आणि सीआयए यांची होमपेजं बदलली गेली, तेव्हा अशी प्रत्येक घटना ही बातमी असायची. २००१ पर्यंत दिवसाला शंभरावर नोंदी येऊ लागल्या. हातांनी तपासून प्रत घेणं अशक्य झालं आणि त्या मे महिन्यात अ‍ॅट्रिशनने संग्रह थांबवला. पुढे २००२ मध्ये एस्टोनियात सुरू झालेल्या झोन-एचने हे काम यंत्राच्या हाती दिलं. डिफेसर स्वतःच आपलं टोपणनाव आणि साइटचा पत्ता कळवतो, यंत्र त्या पानाची प्रत घेतं, मग ती तपासून नोंदवली जाते.

या नोंदींची रचना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक ओळीत टोपणनाव, टोळी, साइटचा पत्ता, ऑपरेटिंग सिस्टिम आणि काही खुणा. मुख्य पानच बदललं असेल तर एच. एकाच सर्व्हरवरच्या अनेक साइट्स एका फटक्यात गेल्या असतील तर एम. तीच साइट आधीही कुणी बिघडवली असेल तर आर. आणि सरकारी किंवा तशाच महत्त्वाच्या साइटला तारा. वर कुणाच्या नावावर किती नोंदी याची क्रमवारी. आता एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाला हे दाखवा आणि म्हणा, की हा सुरक्षेच्या अभ्यासासाठी केलेला संग्रह आहे. त्याला त्यात गुणफलकच दिसणार. तारा कुणाकडे किती, हे तो पहिल्यांदा बघणार.

अशा संग्रहांनी हल्ल्यांची नोंद ठेवली की हल्ल्यांना खतपाणी घातलं, हा वाद जुना आहे. दोन्ही केलं, असं माझं मत. संशोधकांना आज जे काही डिफेसरांबद्दल कळतं, ते बव्हंशी या नोंदींमुळेच. २०१० या एकाच वर्षात झोन-एचकडे १४ लाखांच्या वर डिफेसमेंट नोंदल्या गेल्या. पण आरसा धरला की समोर उभं राहून केस विंचरणारेही येतातच.

नोंद करताना झोन-एच एक प्रश्न विचारतं: हे का केलंस? उत्तरं आधीच दिलेली, त्यातलं एक निवडायचं. गंमत म्हणून. त्या साइटचा सूड म्हणून. राजकीय कारणासाठी. आव्हान म्हणून. देशभक्तीपोटी. आणि एक तर अगदी निरागस: मला सर्वोत्तम डिफेसर व्हायचंय. गुन्ह्याचा हेतू गुन्हेगारालाच यादीतून निवडायला लावणारी अशी सोय दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात क्वचितच असेल. सर्वाधिक निवडलं जाणारं उत्तर अर्थात ‘गंमत म्हणून’.

या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा? स्वतःची बढाई मारायच्या जागी खरं कोण बोलतं, अशी शंका रास्त आहे. पण बाहेरून पाहणाऱ्यांचा निष्कर्षही याच दिशेचा होता. २००४ मध्ये ‘मीडिया सायकॉलॉजी’ या नियतकालिकात ४६२ डिफेस केलेल्या पानांचा मजकूर तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली सुमारे ७० टक्के पानं निव्वळ खोडी या सदरात मोडणारी निघाली. उरलेल्यांत राजकीय किंवा लढाऊ सूर होता. आणि हे लोक एकटे-दुकटे नसून एका मोठ्या मित्रजाळ्याचे भाग आहेत, हेही त्या सलामांवरून आणि टोमण्यांवरून दिसून आलं.

हॅकर्सच्या हेतूंचा अभ्यास करणारे समाजमानसशास्त्रज्ञ मॅक्स किल्गर सहा कारणं सांगतात: पैसा, करमणूक, अहं, एखादं ध्येय, टोळीत प्रवेश आणि टोळीतली पत. हौशी डिफेसरच्या बाबतीत पहिलं कारण जवळपास गळतं आणि शेवटची दोन बाकी सगळ्यांपेक्षा वरचढ ठरतात. टोळीत घ्यायचं तर आधी काही तरी करून दाखव, असं सांगितलं जातं. घेतल्यावर पुन्हा करून दाखवावं लागतं, कारण पत ही रोज कमवायची गोष्ट. इथेच ती ‘स्क्रिप्ट किडी’ शिवी कामाला येते. तिच्या भीतीनेच पोरगा आणखी मोठ्या साइटच्या मागे लागतो.

वयाचं काय? ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीने २०१७ मध्ये या वाटेला लागणाऱ्या मुलांवर एक अहवाल काढला. एजन्सीच्या २०१५ मधल्या सायबर प्रकरणांत संशयितांचं सरासरी वय होतं १७. अमली पदार्थांच्या प्रकरणांत हेच सरासरी वय ३७ आणि आर्थिक गुन्ह्यांत ३९. हा फरक सगळं सांगून जातो. पैसा हे त्यांचं पहिलं उद्दिष्ट नसतं, काही तरी जमल्याचं समाधान आणि दोस्तांपुढे स्वतःला सिद्ध करणं जास्त महत्त्वाचं असतं, असंही त्या अहवालात नोंदवलं आहे. घरच्यांना बहुतेक वेळा पत्ताच नसतो. मुलगा खोलीत बसून कॉम्प्युटर शिकतोय, इतकंच त्यांना दिसतं. तेही खोटं नसतं म्हणा.

आता राजकारणाचा मुद्दा, कारण बातम्यांत डिफेसमेंट सहसा याच रूपात येते. मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या आणि जूनमध्ये मिलवर्म नावाच्या टोळीने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या यंत्रणेत शिरून तिथले ई-मेल पळवले, होमपेजवर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लावलं. टोळीतली मुलं किशोरवयीन, वेगवेगळ्या देशांतली, त्यातली काही एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेलीही नव्हती. अणुबॉम्बला विरोध हा त्यांचा झेंडा. महिन्याभरातच त्याच टोळीने एका ब्रिटिश होस्टिंग कंपनीत शिरून ३०० हून अधिक साइट्सवर एकाच वेळी अण्वस्त्रविरोधी संदेश झळकवला. त्या ३०० साइट्सचा अणुबॉम्बशी काय संबंध? काहीही नाही. त्या एकाच कंपनीकडे होत्या, एवढंच.

२००१ च्या एप्रिलमध्ये चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकी टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली, त्यानंतर दोन्हीकडच्या हौशी टोळ्यांनी एकमेकांच्या देशातल्या साइट्सवर कित्येक दिवस झेंडे रोवले. तिथेही लक्ष्य निवडण्याची पद्धत तीच. शत्रुदेशातली, हाताला लागेल ती साइट.

अलीकडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेने इराणी सेनापती कासिम सुलेमानी यांना बगदादमध्ये ठार केलं. लगोलग काही अमेरिकी साइट्सवर त्यांचं छायाचित्र आणि अमेरिकाविरोधी घोषणा झळकल्या. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत दोन तरुणांवर आरोपपत्र दाखल झालं. त्यातल्या एका इराणी तरुणाचं वय साधारण १९. आरोपपत्रानुसार त्याने २०१८ पासून जगभरातल्या ११०० हून अधिक डिफेसमेंटचं श्रेय जाहीरपणे स्वतःकडे घेतलं होतं. म्हणजे हा नाद लागला तेव्हा तो सतराच्या आसपास होता आणि सुलेमानी यांच्या मृत्यूला अजून एक-दोन वर्षं होती.

देशभक्ती खोटी, असं मला म्हणायचं नाही. त्या वयात ती खरीच असते आणि उकळती असते. पण सवय आधी लागलेली असते, कारण नंतर मिळतं. आणि कारण मिळालं की फायदा हा, की कालपर्यंत खोडकर पोरगा असलेला एकदम सैनिक होतो. टोळीबाहेरचे लोकही टाळ्या वाजवू लागतात. हे प्रमोशन कोण नाकारेल?

ज्यांची साइट अशी जाते ते पहिला प्रश्न हमखास विचारतात: आमच्याच मागे का लागले? कुणी स्पर्धक, कुणी काढून टाकलेला कर्मचारी, कुणी जुना वैरी? कधी तसं असतंही. पण बहुधा तुमचं नाव त्या मुलाने त्याआधी ऐकलेलंही नसतं.

हे कसं घडतं ते २०१७ च्या सुरुवातीला फार स्वच्छ दिसलं. साइट्स बनवायला वापरल्या जाणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या ४.७ आणि ४.७.१ या आवृत्त्यांत एक उणीव सापडली. लॉगिन न करताच कुणालाही साइटवरचा लेख बदलता येत होता. २६ जानेवारीला ४.७.२ ही दुरुस्त आवृत्ती आली. उणिवेबद्दल मात्र मुद्दाम मौन पाळलं गेलं, म्हणजे लोकांना अपडेट करायला आठवडाभर मिळावा. १ फेब्रुवारीला तपशील जाहीर झाला. वर्डप्रेस असे छोटे अपडेट आपोआप घेतं, त्यामुळे लाखो साइट्स तोवर सुरक्षित झालेल्या. पण ज्यांनी ही सोय बंद ठेवली होती, त्यांच्यावर झुंबड उडाली. पुढच्या दहाएक दिवसांत १५ लाखांहून अधिक पानं बिघडवली गेली. वीसेक मोहिमा एकाच वेळी चालू होत्या आणि त्यांच्यात रस्सीखेच लागली होती. एकाने आपलं नाव टाकावं, तासाभराने दुसऱ्याने ते खोडून स्वतःचं टाकावं. मालक अजून झोपेत, आणि त्याच्या पानावरून दोन अनोळखी पोरांची मारामारी चाललेली. त्यांच्या लेखी तो पत्ता म्हणजे प्रोग्रामने काढून दिलेल्या लांबलचक यादीतली एक ओळ होती.

एका सर्व्हरवर शेकडो साइट्स ठेवणाऱ्या स्वस्त होस्टिंगचं गणितही याला जोडून येतं. शेजाऱ्याच्या साइटला भोक पडलं आणि सर्व्हरवरचे कप्पे नीट वेगळे केलेले नसले, तर तुमचं चोख असूनही तुम्ही यादीत जाता. २००६ च्या मे महिन्यात तुर्की टोपणनावाच्या एका डिफेसरने एका दमात २१ हजारांहून अधिक साइट्स बिघडवल्याची नोंद झोन-एचवर झाली. एवढ्या साइट्स कुणी एकेक करून फोडत नाही. होस्टिंगवाल्याचे मोजके सर्व्हर हाती आले की पुरे.

नुकसान किती? होमपेज बदललं, परत लावलं, विषय संपला, असं वाटतं खरं. इथेच लोक फसतात. फाइल बदलायला जी परवानगी लागली, तीच वापरून तो आत आणखी काय ठेवून गेला, हे पानावरून कळत नाही. बहुतेक जण परत यायची सोय म्हणून एक छोटा प्रोग्राम, वेब शेल म्हणतात त्याला, कुठल्या तरी आडबाजूच्या फोल्डरमध्ये निरुपद्रवी नावाने टाकून ठेवतात. नुसता बॅकअप टाकून साइट सुरू केली, तर आठवड्याभरात आणखी एका टोपणनावाने तेच पान पुन्हा झळकतं आणि संग्रहात त्या ओळीपुढे आर लागतो. म्हणून आधी बिघडलेल्या साइटची आहे तशी प्रत आणि सर्व्हरचे लॉग, म्हणजे तिथे कोण कधी आलं याच्या नोंदी, बाजूला काढायचे, कुठून शिरला ते शोधायचं, ते भोक बुजवायचं, सगळे पासवर्ड बदलायचे आणि मग घटनेच्या आधीचा स्वच्छ बॅकअप लावायचा. क्रम उलटा केला की पुरावा पुसला जातो आणि दार उघडंच राहतं.

एका अर्थी ओरडून सांगणारा हा हल्लेखोर परवडला. त्याच भोकातून शिरलेला धंदेवाईक चोर होमपेजला बोटही लावत नाही. तो महिनोन्‌महिने गप्प बसून ग्राहकांचे कार्ड नंबर गोळा करतो, किंवा तुमच्या साइटआडून जुगाराच्या जाहिरातींचे दुवे पसरवतो. हौशी पोराला दिसायचं असतं, धंदेवाल्याला लपायचं असतं.

राहिला प्रश्न त्या पोरांचा. झोन-एचच्या नोंदींवर काम केलेल्या अभ्यासकांना आढळलं, की बहुसंख्य टोपणनावं थोडा काळ चमकतात आणि नाहीशी होतात. नोंदींचा मोठा वाटा मूठभर चिवट लोकांचा असतो. बाकीच्यांचा उत्साह परीक्षा, नोकरी किंवा निव्वळ कंटाळा यांत विरत असावा. त्यांना हवी असलेली गोष्ट, म्हणजे गुण, क्रमवारी आणि दोस्तांपुढे मान, कायद्यात राहूनही मिळते. अमेरिकेतल्या डेफकॉन या हॅकर्सच्या परिषदेत १९९६ पासून ‘कॅप्चर द फ्लॅग’ स्पर्धा भरते. तिथे सर्व्हर आयोजकांनी मुद्दाम फोडायला ठेवलेले असतात. संघ स्वतःचा सर्व्हर राखत दुसऱ्याचा पाडतात आणि गुणफलक सगळ्यांसमोर हलत राहतो. शाळकरी मुलांसाठी कार्नेगी मेलन विद्यापीठाची पिकोसीटीएफ ही मोफत स्पर्धा २०१३ पासून आहे. त्यातले प्रश्न सोप्यापासून अवघडाकडे जातात आणि अवघड प्रश्नाला गुण जास्त असतात. ब्रिटनमध्ये आणि नेदरलँड्समध्ये पहिल्यांदाच पकडल्या गेलेल्या मुलांना अशा वाटेला लावण्याचे सरकारी कार्यक्रमही चालतात. नेदरलँड्समधल्या कार्यक्रमाचं नाव ‘हॅक राइट’, आणि त्यात एखाद्या सुरक्षा कंपनीत जाणकाराच्या हाताखाली काम करणं हा शिक्षेचाच भाग असू शकतो.